जुनी गाडी घरी दुरुस्त करताना: आधी मोजा, मग पाना उचला

चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) काही फिरत नाही. माझ्या पहिल्या जुन्या गाडीचं हे दुखणं होतं. गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली. आठवडाभर गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच. मग सेल्फ बदलला. त्यानंतरही तेच. शेवटी एका सकाळी मल्टिमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारं यंत्र) घेऊन स्वतःच बसलो आणि अर्ध्या तासात दोष सापडला. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजून हिरवी पडली होती. बोल्ट काढला, दोन्हीकडचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट परत आवळला. पुढे मी ती गाडी विकेपर्यंत सेल्फने एकदाही दगा दिला नाही.

चांगली बॅटरी आणि चांगला सेल्फ, दोन्ही विनाकारण बदलले गेले, कारण कुणी मोजलंच नव्हतं. जुन्या गाडीवर सगळ्यात जास्त पैसा असाच, अंदाजाने बदललेल्या भागांवर जातो. म्हणून या लेखात भाग कसा बदलायचा यापेक्षा दोष कसा पकडायचा यावर माझा भर आहे. दोष नेमका कळला की उरलेलं काम बहुतेक वेळा चार बोल्टांचं असतं.

सुरुवात करण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. जॅक उचलण्यापुरता असतो, पेलायला स्टँड लागतात. जागा सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले हवेत. गाडी स्टँडवर टेकली की खाली जाण्याआधी बॉडीला हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हत्यारं फार लागत नाहीत. पान्यांचा आणि सॉकेटचा संच, टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा), मल्टिमीटर, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र), चांगला टॉर्च आणि हातमोजे एवढ्यावर बरंच काम होतं. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर उत्तमच. मल्टिमीटर आणि स्कॅनर आधी घ्या, बाकीचं लागेल तसं.

गाडी घरी आली की पहिला दिवस

वापरलेल्या गाडीची खरी अडचण ही की आधीच्या मालकाने काय केलं आणि काय टाळलं हे आपल्याला माहीत नसतं. तेव्हा बिघाड व्हायची वाट न पाहता एक दिवस नुसता तपासणीला द्या आणि जे दिसेल ते वहीत लिहा.

इंजिन ऑइल सपाट जागेवर, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी बघा. डिपस्टिकवर किमान आणि कमाल खुणेमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण १ लिटरचं असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. शेवटचं कधी बदललं हे माहीत नसेल तर बदलून टाका आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी बदला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असा प्रकार लिहिलेला असतो, तेच घाला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही.

टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. टायरची झीजही बोलते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली होती, मधला भाग झिजला असेल तर जास्त. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शनचा एखादा सांधा ढिला आहे.

रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय, कोणत्या रंगाचा आहे, वास कसा आहे ते बघा. काळसर, बुळबुळीत डाग इंजिन ऑइलचा. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचा डाग कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा). चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट डाग असेल तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो, मग गाडी हलवूच नका. एसी चालवल्यावर खाली साधं पाणी गळणं मात्र स्वाभाविक आहे.

आता स्कॅनर. त्याचं १६ पिनांचं सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतं. या सॉकेटमागची ओबीडी प्रणाली अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीची झाली. कोड (संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) नाही दिसला की लोक निश्चिंत होतात, पण मी आधी रेडिनेस, म्हणजे चाचण्या पूर्ण झाल्यात का, ते बघतो. गाडीचा संगणक उत्प्रेरक (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या चाचण्या चालता-चालता पूर्ण करत असतो. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की या चाचण्यांची नोंदही पुसली जाते आणि त्या ‘अपूर्ण’ दिसतात. रोज चालणाऱ्या गाडीत बऱ्याच चाचण्या अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसले गेलेत असं धरा. गाडी विकत घेण्याआधी हे तपासता आलं तर फारच चांगलं.

गाडी सुरूच होत नाही

आधी कान द्या. भराभर ‘टकटकटक’ झालं तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच दणकट ‘टक्’ झालं तर सेल्फ, त्याचा सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा स्विच) किंवा जाड केबलींचा रस्ता तपासायचा. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा वेगळाच आजार. तिथे इंधन, ठिणगी किंवा इमोबिलायझर (चुकीच्या चावीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) बघावा लागतो.

बॅटरीचा व्होल्टेज गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीच्या चाचण्या. सेल्फ मारताना आकडा १०च्या आसपास किंवा वर टिकायला हवा. पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६च्याही खाली जात असेल तर तिचं आयुष्य बहुधा संपलंय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसला की अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा जनित्र) बॅटरी चार्ज करतोय. नव्या गाड्यांत संगणक हा आकडा गरजेनुसार वरखाली करतो, म्हणून एकदा दिवे आणि पंखा लावूनही बघा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा आणि तारेच्या ब्रशने घासा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो.

आता ती चाचणी, जिने माझा दोष सापडला. तिला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात आणि घरच्या घरी करण्यासारखी याहून उपयोगी चाचणी मला माहीत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर टेकवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, तुमचे हात आणि वायर पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब. आता कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. रस्ता चांगला असेल तर ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसेल. अर्धा व्होल्ट दिसला तर कुठेतरी अडथळा आहे. माझ्या गाडीत पाचच्या वर आकडा गेला होता, म्हणजे सेल्फला मिळायला हवे होते त्यातले पाच व्होल्ट त्या गंजलेल्या सांध्यातच खर्च होत होते.

मग टोक एकेक टप्पा पुढे सरकवत न्यायचं: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. जिथे आकडा उडी मारतो, तिथे दोष. दिवे लख्ख का होते हेही तेव्हा उलगडलं. दिव्यांचं अर्थिंग बॉडीवर होतं, ते शाबूत होतं. सेल्फचं अर्थिंग इंजिनातून त्या पट्टीवाटे बॉडीवर येत होतं. हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीचा खांब ते सेल्फचा जाड बोल्ट अशी करता येते. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. हे टोक धरताना ते इंजिनाच्या धातूला चुकूनही लागू देऊ नका.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर बंद गाडीत काहीतरी वीज पीत आहे. गाडी लॉक करून तासभर थांबा, कारण आतले संगणक झोपायला वेळ घेतात. त्यानंतर प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. प्रवाह मोजायला मीटर निगेटिव्ह केबलच्या मध्ये, १० अँपिअरच्या खाचेत लावावा लागतो. तो लावलेला असताना सेल्फ मारलात तर मीटरचा फ्यूज उडेल. यापेक्षा मला सोपी वाटते ती दुसरी रीत. फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या बिंदूंवर मीटरची टोकं ठेवा आणि मिलिव्होल्ट बघा. शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून काही जात नाही. आकडा दिसला तर त्या वाटेवर काहीतरी जागं आहे. जुन्या गाड्यांत बहुतेकदा नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम, अलार्म किंवा डिकीतला न विझणारा दिवा सापडतो.

गाडी गरम होते

गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, कूलंट १००° सेल्सिअसच्या वर असूनही उकळत नसतं, आणि झाकण उघडताच तोंडावर उसळतं. वाटेत तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, बाजूला थांबा आणि इंजिन बंद करा.

निदानासाठी एकच प्रश्न आधी विचारा: कधी गरम होते? गर्दीत थांबून-थांबून चालताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर पंख्याकडे बघा. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच (तसाच दुसरा रिले बॉक्समध्ये असेल तर अदलाबदल करून बघा), मग पंख्याच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का ते मोजा. वीज येतेय, अर्थिंगही ठीक आहे आणि तरी पंखा फिरत नाही, तर मोटर गेली. उलट, वेगात आणि चढावर गरम होत असेल तर कूलंटचा प्रवाह अपुरा आहे: रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडणारा किंवा पाण्याचा पंप थकलेला.

थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. इंजिन तापल्यावर रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटका लागेल असा आणि खालचा गार असेल तर तो बंद अडकलेला असण्याची शक्यता मोठी. काढून पाण्याच्या भांड्यात टांगा, थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाला, साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे. गाडी तापायलाच खूप वेळ घेत असेल आणि पी०१२८ हा कोड दिसत असेल तर थर्मोस्टॅट बहुधा उघडा अडकलेला आहे. तसं चालवू नका, थंड इंजिन जास्त इंधन खातं आणि लवकर झिजतं. थर्मोस्टॅट काढून टाकून ‘थेट’ गाडी चालवण्याचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका.

कूलंट भरताना रंगावर जाऊ नका. रंग हा नुसता रंग असतो, प्रकार मॅन्युअलमध्ये बघा. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. आत हवेचा फुगा राहिला तर नवा भाग बसवूनही गाडी तापते, म्हणून गार इंजिनात सावकाश भरा, मग हीटर लावून झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखा.

कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही, अशा वेळी हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलची) शंका घ्या. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो का? कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात का? सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर टिकून राहतो का? ऑइलच्या झाकणाखाली साय जमली म्हणून मात्र घाबरू नका, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तिथे वाफेचं पाणी जमतं. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधट दिसलं तर मात्र इंजिन सुरू करू नका.

धुराचं बाकी गणित सोपं आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि थंड सकाळी थोडा पांढरा येऊन विरला तर ती नुसती वाफ.

इंजिन मिसिंग मारतं

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर थांबा. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकात जाऊन त्याला जाळतं. दिवा स्थिर असेल तर घरी जाऊन कोड वाचा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं, यालाच मिसिंग म्हणतात), पी०३०० म्हणजे एका ठरावीक सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असा मिसफायर.

कोड भागाचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) पहिल्यावर लावा, पहिल्याची दुसऱ्यावर, कोड पुसा, गाडी फिरवा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब. पी०३०२च राहिला तर हाच खेळ प्लगचा (ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचा). प्लग इंजिन गार असतानाच काढा, आधी खोबणीतली घाण हवेने फुंकून टाका, आणि बसवताना पहिले आटे हाताने फिरवा. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा तिरके मारले गेले की घरी सुधारत नाहीत. काढलेल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त, ओली तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय.

पी०१७१ हा कोड मिश्रणात हवा जास्त असल्याचं सांगतो. बोनेट उघडून इनटेकच्या रबरी नळ्या वाकवून बघा, जुन्या रबराला घडीत चीर असते. चालू इंजिनावर ‘सुस्स’ असा आवाज येतो का तेही ऐका. पी०४२० दिसला म्हणून लगेच उत्प्रेरक बदलू नका. सायलेन्सरच्या सांध्यात गळती असली किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर चुकीचं सांगत असला तरी हाच कोड येऊ शकतो.

ब्रेक

बारीक ‘कुईं’ असा आवाज बहुधा ब्रेक पॅडची (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबली जाणारी घर्षणाची पट्टी) पत्री डिस्कला घासत असल्याचा असतो, म्हणजे पॅड संपत आले. करकर घासल्याचा आवाज आला तर पॅड संपून धातू धातूवर घासतोय. ब्रेक मारताना पेडल थरथरलं तर डिस्क एकसारखी राहिलेली नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा थोडं चालवल्यावर एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापत असेल (रिमजवळ नुसता हात न्या, लावू नका), तर तिथला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बहुधा अडकलाय.

चाक काढलं की आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड बघा. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरवर आला तर बदला. एकाच कॅलिपरमध्ये बाहेरचा पॅड ८ मिलिमीटर आणि आतला २, असा फरक मी बऱ्याच जुन्या गाड्यांत पाहिलाय. अशा वेळी नुसते नवे पॅड बसवले तर काही महिन्यांत तीच गत होते. दोष असतो स्लायडर पिनमध्ये. कॅलिपर ज्या दोन गुळगुळीत पिनांवर पुढे-मागे सरकतो, त्यातली एक गंजून घट्ट बसलेली असते आणि एकाच बाजूचा पॅड सगळं काम करतो.

पिन बाहेर ओढा. जुनं, काळं पडलेलं ग्रीस ब्रेक क्लीनरने धुवा, भोकही पुसा. पिनवर खड्डे पडले असतील तर नवी घ्या. रबरी बूट फाटला असेल तर तोही बदला, कारण पाणी तिथूनच शिरतं. मग ब्रेकसाठी असलेलं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. बोटाने दाबल्यावर पिन मऊपणे आत जाऊन बाहेर आली की झालं.

कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. कॅलिपरचा पिस्टन (पॅडला ढकलणारा भाग) आत दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण ढिलं करा आणि पातळी बघत राहा. ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवा. काही गाड्यांत मागचा पिस्टन दाबून जात नाही, फिरवून आत न्यावा लागतो. काम झालं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. ही पायरी विसरलात तर पहिल्या ब्रेकला पाय थेट जमिनीला टेकेल.

चाकाकडचे आवाज

वळताना ‘कट-कट’ येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा सांधा बघा, त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. वेगाबरोबर वाढणारी घरघर एका बाजूला वळताना वाढत आणि दुसरीकडे कमी होत असेल तर बहुधा हबचं बेअरिंग. ठरावीक वेगाला, साधारण ८० ते १०० किलोमीटरला, स्टिअरिंग थरथरलं तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. तिथे खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच खेळ जाणवला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा). चाकाचे नट शेवटी टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

घरी न करायची कामं

एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबली यांना हात लावू नका. एसीचा गॅसही घरी भरू नका. गारवा कमी वाटला तर केबिन फिल्टर बदला, कंडेन्सरवरची माती हळू पाण्याने धुवा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. इंधनाच्या दाबाखालच्या नळ्या अनुभवी माणसाकडे द्या.

टायमिंग बेल्टबद्दल (इंजिनाचे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) मी आग्रहाने सांगतो. तो कधी बदलला याची लेखी नोंद मिळाली नाही तर बदललेला नाही असंच धरा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका क्षणात इंजिन जातं. आधी तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन हे मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल तर त्याची मुदत किलोमीटरमध्ये आणि वर्षांतही दिलेली असते, यापैकी जे आधी येईल ते खरं. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर त्याच वेळी बदलून घ्या, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बोनेटच्या आत चिकटवून ठेवा.